छापखान्यात अडकलेलं पान

अक्का,

रविवारी नांदेडला तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी चांगलं बोललो. खाली उतरल्यावर मावशीनं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "लई चांगलं बोललास रे लेका. माझी शैला जशीच्या तशी उभी केलीस." तुझ्या आईसमोर मी मान खाली घालून उभा राहिलो. तिला वाटलं, रडतोय.

तुझ्या दातांच्या पाहणीत फॉर्म लिहिणारी शोभा मागच्या रांगेत बसली होती. ती रडत नव्हती. तपासणीच्या वेळी बघणाऱ्याकडून एखादा दात पुकारायचा सुटला की ती काय करते, तुला माहीत आहे. टोकत नाही. पेन कागदावरून उचलून धरते आणि थांबते. सुटलेला दात सांगितल्याशिवाय पुढचं लिहीत नाही. तशीच ती माझ्याकडं बघत होती.

सुटलं होतंच. त्या भाषणात एक पान नव्हतं. त्या पाहणीवरच्या तुझ्या 'दोन गल्ल्यांचे दात' ह्या पुस्तिकेतही ते पान नाही. दोन्ही ठिकाणांहून ते मीच काढलं. आता पुस्तिकेची नवी आवृत्ती निघते आहे, सुरुवातीला चार शब्द लिहा, असं तुझ्या विद्यार्थ्यांनी मला सांगितलंय. त्यांना वाटतं, दातांचा डॉक्टर आहे, लातुरात नाव आहे, शिवाय मावसभाऊ. ह्याच्याहून जवळचं कोण लिहिणार? म्हणून लिहितोय. पण तुला लिहितोय. लोकांना उद्देशून लिहायला बसलो की मी पुन्हा चांगलंच लिहीन.

तू माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. दिवाळीच्या सुट्टीत बिलोलीला जमलेल्या आम्हा भावंडांना तू सकाळच्या उन्हात ओट्यावर ओळीनं बसवायचीस आणि हातात बॅटरी घेऊन एकेकाचं तोंड बघायचीस. तू डॉक्टर व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पाटीवर खडूनं रेघा ओढायचीस, कीड दिसली की रेघेवर फुली. माझी पाटी फुल्यांनी भरून जायची, कारण गुळाच्या ढेपेपाशी मी मुंग्यांच्या आधी पोचायचो. एका वर्षी दाढ ठणकायला लागली. वडील म्हणाले, काढून टाका, दुधाची असेल. तू म्हणालीस, "दुधाची न्हाई काका ती. आता गेली की गेली." तेव्हा तू नांदेडला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतीस. तू मला एसटीनं नांदेडला नेलंस. एकदा नाही, तीनदा, कारण दाढ मुळापर्यंत साफ करून भरायची तर तेवढ्या खेपा लागतात. तिन्ही वेळा खिडकीची जागा मला दिलीस. ती दाढ आज चाळीस वर्षांनंतर माझ्या तोंडात आहे. तिच्यावर मी भाकरी चावतो.

ह्या तीन खेपा तू विसरली नसणार. विसरलो मी.

तू दवाखाना टाकला नाहीस ह्याचं नातेवाइकांना कोण दुःख! "शैला दातांची डॉक्टर झाली म्हणता, पण बसते कुठं?" असं लग्नाकार्यात विचारायचे. तू बसायचीस गोदावरीच्या कडेच्या वस्त्यांमध्ये, पालथ्या घातलेल्या बादलीवर. मी लातुरात मोठ्या रस्त्यावर काचेच्या दाराआड बसलो. आपला वाद तिथपासूनचा. मी म्हणायचो, "अक्का, तुझ्या ह्या कागदांनी एक तरी दात बरा झाला का?" तू चिडायची नाहीस. "तुझ्याकडं येतात त्यांचे तू बरे कर. येत न्हाईत ते का येत न्हाईत, तेवढं मी बघून राहिले."

कसं बघायचीस, ते मी पहिल्यांदा लातूरच्या खदानीच्या वस्तीत पाहिलं. तिथल्या बायका तोंड दाखवायला तयार नव्हत्या. मिश्री लावून दात काळे झालेले, त्यात सासरा नाहीतर थोरला दीर दारात बसलेला. पदर ओठांवरून हलेना. पाहणी करणारे अशा घरापुढं 'नकार' लिहितात आणि पुढच्या दाराकडं वळतात. तू बादलीवर बसलीस, गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला, गयाबाईला, जवळ बोलावलंस आणि तिच्या हातात तुझा छोटा आरसा दिलास.

"आधी माझं बघा, मावशी."

"मी काय बघू? मला काय कळतंय त्यातलं?"

"काळं दिसलं की सांगा."

गयाबाईनं आरशात आधी स्वतःची हनुवटी पाहून घेतली. मग तो तुझ्या तोंडात घातला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अगं बया! डागदरीनबाईच्या बी दाताला कीड हाय की! आन् हितं तर दाढच न्हाई!"

"कशानं गेली असंल?"

"चिक्की खाल्ली असशील. दुसरं काय!"

"लोह्याच्या एसटी स्टँडवर. दर खेपेला," तू कबूल केलंस.

गल्ली हसली. हसताना दोन-चार पदर ओठांवरून खाली आले, आणि तासाभरात तुझ्या बादलीपुढं बायकांची ओळ लागली. दातांच्या तपासणीची पुस्तकं मी कमी वाचलेली नाहीत. ह्यातलं एक अक्षर कुठल्या पुस्तकात नव्हतं.

तुझा दुसरा हट्ट भाषेचा. अशी पाहणी सगळीकडं आकड्यांत करतात. बघणारा आकडा पुकारतो, लिहिणारा आकडा लिहितो, आणि ज्याचं तोंड आहे त्याला काहीच समजत नाही. तू आकडे मोडीत काढलेस. चांगला, कीड, भरलेला, नाही. एवढे चार शब्द, मराठीत, मोठ्यानं. तू पुकारायचीस, शोभा तो शब्द तितक्याच मोठ्यानं परत म्हणायची आणि मगच लिहायची. शोभा त्याच वस्तीतली, दहावी झालेली. अक्षर गोल आणि कान पक्के म्हणून तू तिला निवडलंस. "त्यांच्याच तोंडात काय हाय ते त्यांना ऐकू तर आलं पाहिजे," असं तू म्हणायचीस. आणि खरंच ऐकू आलं. मी राहतो त्या बंगल्यांच्या कॉलनीत पुकारा असायचा: भरलेला, चांगला, भरलेला, भरलेला. खदानीच्या वस्तीत: कीड, नाही, नाही, कीड, नाही. शहर एकच. नळाला पाणी येत नाही तेव्हा दोन्हीकडं येत नाही. कीडही दोन्हीकडं लागते. तिकडं दात भरतात, इकडं काढतात. इतकी साधी गोष्ट, पण ती ऐकायला कुणालातरी दारापर्यंत जावं लागलं.

मग ती तू वर, सरकारी साहेबांपर्यंत घेऊन गेलीस. एका बैठकीत तू भिंतीवर दोन कागद लावलेस. भरलेले दात निळ्या पेन्सिलीनं, काढलेले लाल. एक कागद निळा, एक लाल. मी तुझ्या मागच्या खुर्चीत होतो. एक साहेब म्हणाले, "मॅडम, दातानं काही माणूस मरत नाही."

"न्हाई मरत, साहेब," तू म्हणालीस. "भाकर पाण्यात भिजवून खातो. पस्तिशीची बाई खाऊन राहिली. तुम्ही चार दिवस खाऊन बघा, पाचव्या दिवशी परत बोलू."

कुणी हसलं नाही. साहेब पाणी प्यायले. मग तू तुझा खरा मुद्दा काढलास. सरकारी दवाखान्यातली दातांची खोली एक वाजता बंद होते, नाक्यावर उभा राहणारा मजूर सहाला सुटतो. दाढ दुखली की तो किराणा दुकानातून गोळी घेतो, कारण दुकान उघडं असतं. "दात दुपारी एकपर्यंतच दुखावा, असं काही ठरलंय का?" किती खेटे घातलेस त्यासाठी, ते मला माहीत आहे. पण नांदेडला संध्याकाळची खोली सुरू झाली. पहिल्या दिवशी तू आत गेलीच नाहीस. बाहेरच्या बाकावर शेंगा सोलत रांग बघत बसलीस, एखादी बाई लेकीचं लग्न बघते तशी. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला की लातूरला परत येईपर्यंत मी गाडीत एकटाच हसत होतो. तुला सांगितलं नाही. आपल्या घरात असं तोंडावर सांगत नाहीत.

आता ते पान.

तुझ्या पाहणीच्या आधी काही वर्षं मी शिबिरं घ्यायचो. मोफत दंतचिकित्सा शिबिर. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स, मंडप, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, शेवटी शाल आणि नारळ. खदानीच्या वस्तीतही घेतलं, एकदा सोडून अनेकदा. शिबिराला दुसरा दिवस नसतो. दात भरायला खेपा लागतात, काढायला पाच मिनिटं. म्हणून मी काढत गेलो. वाचण्यासारखे नव्हते ते काढले, आणि वाचले असते तेही काढले. संध्याकाळी ट्रे भरलेला दिसला की वाटायचं, दिवस कारणी लागला.

आणि विचारायची माझी एक रीत होती. खुर्चीत बाई, खुर्चीमागं सासरा नाहीतर दीर. मी मान वर करून मागं विचारायचो, "तीनदा यावं लागेल. येणार का? का काढून टाकू?" मागून उत्तर यायचं, "काढा, डॉक्टर." घरातल्या थोराला विचारणं म्हणजे मान देणं, हेच आपल्याला शिकवलेलं. ज्याचा दात त्याला विचारायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, असं मी आता लिहिणार होतो. पण तेही खरं नाही. बिलोलीत वडील समोर उभे असताना तू खाली वाकून मला विचारलं होतंस, "भरून घेऊ या का रे? दुखंल जरा. येशील ना माझ्यासंगं?" मी अकरा वर्षांचा होतो आणि तू मला विचारलंस.

लातूरच्या पाहणीत तू मला बोलावून घेतलंस. पहिल्या डॉक्टरची नजर चुकत नाही ना, हे तपासायला दर दहावं तोंड दुसऱ्या डॉक्टरनं पुन्हा बघायचं असतं. "दहावं तोंड माधवचं," तू जाहीर केलंस. फॉर्मच्या कडेला तू पट्टीनं रेघ ओढून एक जास्तीचा रकाना केला होतास: कुणी काढला? मी पुकारायचो, "नाही." शोभा म्हणायची, "नाही. कुणी काढला?" आणि घरामागून घर एकच उत्तर. शिबिरात. शिबिरात. त्यांनी मला ओळखलं नाही; तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता, डोक्यावर टोपी, आणि फ्लेक्स लांब चौकात. कुणाची तक्रारही नव्हती. गयाबाई म्हणाली, "लई देवमाणूस व्हता. समद्यांचे फुकट काढले." त्यानंतर मला बादलीवर बसवेना.

पुढच्या दहाव्या तोंडाला शोभाचंच घर आलं आणि घरातल्या कुणाचं तोंड बघायचं ह्याची चिठ्ठी तिच्याच नावाची निघाली. म्हणून लिहायला तू बसलीस. तिचा सासरा दारात होता. मी सवयीनं त्याच्याकडं बघून म्हणालो, "बघू ना?"

"त्यांना काय विचारतोस?" तू म्हणालीस. "तिला विचार की."

मी बघितलं. वरचा समोरचा दात नव्हता. शेजारचा त्या फटीकडं कललेला. बाकीचे पांढरेस्वच्छ, ती मिश्रीला शिवत नाही. मी म्हणालो, "नाही."

"नाही," तू म्हणालीस. "कुणी काढला?"

शोभानं सांगितलं. पहिल्या बाळंतपणानंतर दातावर काळा ठिपका आला, थंड पाणी झोंबायला लागलं. सासऱ्यानं शिबिरात नेलं. डॉक्टरनं सासऱ्याला विचारलं. "मला म्हणायचं व्हतं, भरा. पण मामंजीच्या म्होरं कसं बोलू? आन् भूल दिल्यावर तर व्हटच हलंना." तेव्हापासून ती हसताना ओठांवर हात धरते.

मला ती आठवली, असं लिहिलं तर खोटं होईल. आठवली नाही. इतके दात काढले की त्यातलं एकही तोंड आठवत नाही. पण रीत माझी होती. तू पेन उचलून धरलंस आणि माझ्याकडं बघत थांबलीस. शोभाला ती सवय कुणाकडून लागली, ते मला तेव्हा कळलं. तो क्षण बोलायचा होता. मी आरसा पुसत राहिलो. शेवटी शोभाच म्हणाली, "लिहा ना मॅडम. शिबिर."

"शिबिर," तू म्हणालीस आणि लिहिलंस. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "चल, चहा घेऊ." बाकी काही नाही.

पुस्तिकेत तू त्यावर एक पान लिहिलंस, 'वाचले असते असे दात'. कुठलं शिबिर, कुणाचं शिबिर, काही लिहिलं नाहीस. बायकांची बोलणी जशीच्या तशी, आणि शेवटी दोन वाक्यं. शिबिर घ्यायचं तर दुसरा दिवस ठेवून घ्या. ज्याचं तोंड त्यालाच विचारा. छपाई लातुरात होती, म्हणून काम माझ्याकडं आलं. मी ते पान काढलं. तुला फोनवर सांगितलं की पानं सोळाच्या पटीत बसवावी लागतात, एक जास्त होत होतं, छापखान्यात अडलं. प्रती पोचल्यावर तुझा फोन आला.

"छपाई चांगली झालीय रे."

"हो ना."

"माधव, शेवटचं पान कोरं सुटलंय की रे."

"हो? बघतो," मी म्हणालो.

त्यावर तू पुन्हा कधी बोलली नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं, माझ्याकडं उत्तरं तयार होती. तिथं दुसरा कुठला डॉक्टर जात होता? ज्यांचं ठणकत होतं त्यांचं मी थांबवलं ना? ती उत्तरं मला आजही पुरती खोटी वाटत नाहीत, हेही इथं लिहून ठेवतो. दुखणं मी थांबवलं. आणि भरायचा दात काढला. दोन्ही माझ्याच हातानं. तुझ्याशी हा वाद घालायचा राहिला. तू काय म्हणाली असतीस, ह्याचा मी कित्येकदा अंदाज केला आणि दर वेळी तू फक्त चहा घेऊ म्हणालीस.

नंतर तू खदानीच्या वस्तीत समाजमंदिरामागची खोली मिळवलीस आणि तिला नाव दिलंस 'दुसरा दिवस'. दर गुरुवारी संध्याकाळी, नांदेडहून एसटीनं येऊन. काढायचे नाहीत, भरायचे, आणि पुन्हा यायचं. मी माझी जुनी खुर्ची पाठवून दिली, दिव्यासकट. वाटलं, फिटलं. तुझा फोन आला, "खुर्ची लई झकास हाय रे. आता गुरुवार पण दे."

"बघतो, अक्का."

किती गुरुवार बघतो म्हणालो! कायमची जायच्या आठवडाभर आधी तू फोन केलास. "मला जरा दम लागून राहिलाय. ह्या गुरुवारी तू बसतोस का?" दवाखान्यात माणसं होती. "बघतो," मी म्हणालो. "बघच," म्हणून तू फोन ठेवलास. आपलं शेवटचं बोलणं ते. त्या गुरुवारी मी गेलो नाही. तू गेलीस, तसंच दम खात, आणि सगळ्यांचं बघून आलीस, असं मला शोभानं सांगितलं.

शोकसभेनंतरच्या गुरुवारी मी गेलो. कुणाला कळवलं नव्हतं. शोभानं खोली झाडून ठेवली होती. डॉक्टर येणार की नाही हे माहीत नसताना बाहेर माणसं बसलेली होती, कारण तू गुरुवार चुकवत नव्हतीस. पायरीवर गयाबाई. मला खालीवर बघून म्हणाली, "तुमी मॅडमचे भाऊ न्हवं? मग बसा. आदी तुमचं."

तिनं कमरेचा आरसा काढला. तू तो तिला देऊन टाकला होतास, हे मला माहीत नव्हतं. मी बसलो. तिनं माझा जबडा बोटांनी असा वळवला, जसं बाजारात जनावर बघतात.

"समदे भरलेले," तिनं पुकारलं. "ह्यो भरलेला, ह्यो भरलेला, ती मागची तर लई जुनी भरलेली दिसतीया. आन् काढलेला एक बी न्हाई!"

लोक हसले. तुझी सगळी पुस्तिका गयाबाईनं माझ्या तोंडात वाचली होती. आणि ती मागची दाढ कुणी भरून आणली, ते सांगायला तू तिथं नव्हतीस.

आत गेलो. शोभानं कपाटातून फॉर्म काढले. खाली तुझ्या पुस्तिकेच्या प्रती होत्या, वस्तीत वाटायच्या. मी एक उचलली आणि सवयीनं मागून उघडली. शेवटचं पान कोरं नव्हतं. निळ्या शाईत, शोभाच्या गोल अक्षरात, तुझं पान. दुसरी प्रत उघडली. तिच्यातही. सगळ्या प्रतींत.

"मॅडम सांगायच्या आणि मी परत म्हणून लिहायची," शोभा म्हणाली. "म्हणायच्या, पान छापखान्यात अडकलंय. माधवसर आणणार हायत. तोवर हातानं लिहू."

अक्का, तू मला झाकलंस आणि माझी वाटही बघितलीस, दोन्ही एकाच वाक्यात. इतकी वर्षं.

ते पान ह्या आवृत्तीत छापलंय. शेवटी नाही, ह्या लेखाच्या लगेच पुढं. तुझ्या शब्दांना हात लावलेला नाही. खाली एक ओळ माझी आहे: ह्यातलं शिबिर माझं होतं. तिच्याखाली नाव.

पण छापण्याआधी ते त्या खोलीत कबूल व्हायला हवं होतं. मी शोभाला म्हणालो, "शोभाताई, तुमचं बघू का?" तिच्याकडं बघून विचारलं. ती खुर्चीत बसली. फॉर्म तिनं स्वतःच्याच मांडीवर घेतला, लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. मी बघितलं, आरसा बाहेर काढला.

"वरचा समोरचा. नाही."

"नाही," ती म्हणाली. "कुणी काढला?"

"मी."

पेन कागदाच्या वरच राहिलं. "'मी' असं लिहिता येत नाही, सर. नाव सांगा."

मी पूर्ण नाव सांगितलं. दार उघडं होतं. शोभानं ते नाव, तू शिकवलं होतंस तसं, मोठ्यानं परत म्हटलं आणि मग लिहिलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही दाराकडं बघून विचारलं, तेव्हाच."

गयाबाई दारात येऊन उभी राहिली. "म्हंजे माझ्या बी दाढा तुमीच काढल्या?"

"हो."

"हं," ती म्हणाली. देवमाणूस हा शब्द तिनं मनातल्या मनात परत घेतला असावा. पण ती घरी गेली नाही. रांगेतल्या आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी आरसा पुन्हा हातात घेतला. शोभाच्या फटीशेजारचा दात पाहिला. कीड खोल गेली होती, पण दात घट्ट होता. तू असतीस तर आनंदानं हातावर टाळी दिली असतीस. "हा वाचतो," मी म्हणालो. "मुळापर्यंत साफ करून भरावा लागेल. तीनदा यावं लागेल."

शोभानं पेनाला टोपण लावलं. ओठांवर हात न धरता माझ्याकडं बघितलं.

"मी इथंच राहते, सर," ती म्हणाली. "तुम्ही येणार का?"

अक्का, मी 'बघतो' म्हणालो नाही.